धारेची झीज आणि पृष्ठभागाचे संस्कार : एका शतकाचा मागोवा

धातू कातणाऱ्या हत्याराकडून परस्परांशी न जुळणाऱ्या दोन गुणांची अपेक्षा असते. धार झिजू नये म्हणून ते टणक असावे लागते आणि कापताना बसणाऱ्या धक्क्यांनी धारेचा टवका उडू नये म्हणून ते चिवटही असावे लागते. परंतु टणकपणा वाढवत नेला की ठिसूळपणाही सहसा वाढतो. या हत्यारांचा इतिहास एकाहून एक टणक पदार्थांच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगण्याची रीत आहे. प्रत्यक्षात त्यातले सर्वांत मोठे वळण दोन्ही गुण एकाच पदार्थाकडे मागणे थांबले आणि टणकपणा पृष्ठभागाकडे, तर चिवटपणा गाभ्याकडे सोपवला गेला, तेव्हा आले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाणी दिलेले कार्बनयुक्त पोलाद हेच कारखान्यांतले हत्यार होते. थंड असताना ते पुरेसे टणक असले, तरी घर्षणाने धार सुमारे अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापली की त्याचा टणकपणा उतरू लागे, म्हणून कापण्याचा वेग मंदच ठेवावा लागे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट यांनी १८६८ मध्ये टंगस्टन मिसळलेले आणि पाण्यात न बुडवता हवेतच टणक होणारे पोलाद तयार केले, तेव्हा ही मर्यादा प्रथम ओलांडली गेली.

पुढचे पाऊल अमेरिकेत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टील कंपनीत टाकले. फार तापवले तर पोलाद बिघडते, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत बाजूला ठेवून त्यांनी टंगस्टन व क्रोमियम असलेले पोलाद वितळण्याच्या जवळपास नेऊन टणक केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या हत्यारांची टोके लालभडक होऊनही कापत राहिलेली प्रेक्षकांनी पाहिली. हेच हायस्पीड स्टील. १९०६ मध्ये टेलर यांनी अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे २६ वर्षांच्या प्रयोगांचा अहवाल मांडला. कापण्याचा वेग आणि धारेचे आयुष्य यांचा गणिती संबंध त्यात होता आणि हायस्पीड स्टीलच्या बाबतीत तो फार कठोर निघाला, कारण आयुष्य वेगाच्या साधारण आठव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे वेग केवळ दहा टक्क्यांनी वाढवला तरी धार निम्म्याहूनही कमी वेळ टिकते. तोवर कारागिराच्या अंदाजावर चालणारी झीज या मांडणीमुळे मोजण्याची आणि हिशेबाची गोष्ट झाली, आणि टेलर यांचे हे काम त्यांच्या पोलादाइतकेच मोलाचे मानले पाहिजे.

बर्लिनमधील ऑसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टने सांधण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मूळ गरज विजेच्या दिव्यांची टंगस्टनची तार ओढण्यासाठी हिऱ्याच्या साच्यांना पर्याय शोधण्याची होती. क्रुप कंपनीने या पदार्थाचे ‘विडिया’ नावाचे हत्यार बाजारात आणले आणि भारतातील अनेक वर्कशॉपांत कार्बाइडला आजही त्याच नावाने ओळखतात. ओतीव लोखंडावर हे हत्यार उत्तम चालले, पोलादावर मात्र ते लवकर खचले. वापरलेले हत्यार भिंगाखाली धरले की कारण दिसते. धारेखालच्या बाजूला जॉबशी, म्हणजे कापल्या जाणाऱ्या वस्तूशी, घासून एक चकचकीत पट्टा पडतो, तर वरच्या बाजूला, धारेपासून किंचित मागे, कापून निघणारी धातूची चिप जिथून सरकते तिथे खड्डा पडतो. पट्ट्याची झीज मुख्यतः घासण्याने होते आणि तिची रुंदी ०.३ मिलिमीटर झाली की धार संपली, असे सर्वसाधारणपणे धरतात. खड्ड्याचे कारण निराळे आहे, कारण तापलेल्या पोलादी चिपमध्ये टंगस्टन कार्बाइड अक्षरशः विरघळत जाते. टायटॅनियम आणि टँटलम यांची कार्बाइडे मिसळल्यावर हा खड्डा आटोक्यात आला, पण त्यासाठी काही प्रमाणात चिवटपणा गमवावा लागला.

पृष्ठभागापुरता संस्कार करण्याची कल्पना तोवर अपरिचित नव्हती. अमोनियाच्या वातावरणात सुमारे पाचशे अंशांवर पोलाद ठेवून त्याच्या कातडीत नायट्रोजन मुरवण्याची नायट्रायडिंग ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ॲडॉल्फ मॅकलेट यांनी आणि नंतर जर्मनीत ॲडॉल्फ फ्राय यांनी विकसित केली. मात्र तिच्यात थर वरून चढवलेला नसतो, मूळ धातूच बदलतो.

निराळा थर चढवलेली कार्बाइडची इन्सर्ट १९६९ च्या सुमारास बाजारात आली. इन्सर्ट म्हणजे होल्डरमध्ये बसवायची आणि एक धार गेली की फिरवून दुसरी वापरायची चकती. टायटॅनियमचे क्लोराइड, मिथेन व हायड्रोजन यांच्या वायुमिश्रणात सुमारे हजार अंशांवर तिच्यावर टायटॅनियम कार्बाइडचा काही मायक्रॉन जाडीचा थर साचवला जाई. एवढ्या पातळ थराने पोलाद आणि टंगस्टन कार्बाइड यांचा थेट संपर्क तोडला, त्यामुळे गाभा पुन्हा चिवट ठेवणे शक्य झाले. पुढे त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर आला, जो तापलेल्या चिपशी जवळजवळ अभिक्रियाच करत नाही.

हायस्पीड स्टीलला ही सोय मिळाली नाही, कारण हजार अंशांवर त्याला दिलेला टणकपणा निघून जातो. निर्वात पात्रात धातूची वाफ करून पाचशे अंशांखाली थर बसवण्याची पद्धत १९८० च्या सुमारास रुळली, तेव्हा टायटॅनियम नायट्राइड चढवलेली सोनेरी ड्रिल सर्वत्र दिसू लागली. नंतरच्या टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडची खुबी अशी, की तापल्यावर त्यातील ॲल्युमिनियमचे ऑक्साइड बनून थर स्वतःचेच रक्षण करतो.

महाराष्ट्रात सँडविक कंपनीच्या पुण्याजवळील दापोडीच्या कारखान्यामुळे कार्बाइडची हत्यारे स्थानिक वाहन आणि यंत्रउद्योगाच्या आवाक्यात आली. परंतु हत्यार हाताशी आले, तरी त्यावरचा थर, म्हणजे कोटिंग, निवडावे लागतेच, आणि महागडे कोटिंग तेच चांगले, ही समजूत टिकण्यासारखी नाही. ॲल्युमिनियम कापताना ॲल्युमिनियमयुक्त कोटिंगला धातू चिकटण्याचा धोका असतो, म्हणून तिथे चकचकीत घासलेले बिनकोटिंगचे इन्सर्ट अनेकदा सरस ठरते. हिरा तिथे दीर्घकाळ टिकतो, पण तोच हिरा तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळत असल्याने पोलादावर निरुपयोगी ठरतो. कोणता धातू, किती वेगाने आणि किती तापमानाला कापायचा, हे ठरल्याखेरीज कोटिंग निवडणे व्यर्थ आहे.