फ्लायव्हील फिरवायला किती ताकद लागते? पैसे देण्याआधी हा हिशोब करा

धानोरा : "एक एचपीची मोटर लावा, जड चाक फिरवा अन् पाच एचपीची वीज फुकट मिळवा" असे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. गावातल्या एका भावाने मला विचारलं, धान विकलेले पैसे यात लावू का? चला, आधी हिशोब करू.

डिझेल इंजिनाला किंवा कडबा कुट्टीला जे जड चाक असते तेच फ्लायव्हील. समजा चाकाचा व्यास 1 मीटर, वजन 50 किलो आणि बहुतेक वजन कडेला आहे. चाक मिनिटाला 400 फेरे घेते.

1) कडेचा वेग : 3.14 × 1 × 400 ÷ 60 = सेकंदाला साधारण 21 मीटर.
2) साठलेली ऊर्जा : वजनाचे अर्धे × वेग × वेग, म्हणजे 25 × 21 × 21 = सुमारे 11,000 ज्यूल.
3) ताकद : ऊर्जेला सेकंदांनी भागा. एका मिनिटात वेग आणायचा तर 11,000 ÷ 60 = 183 वॅट. 746 वॅट म्हणजे 1 एचपी, म्हणून ही झाली पाव एचपी. घर्षणासाठी थोडी जास्त धरा.

आता तीच ऊर्जा 5 सेकंदांत काढली तर 2,200 वॅट, म्हणजे जवळपास 3 एचपी मिळते. पण फक्त 5 सेकंद! मग चाक थांबते.

नागपूरचे डॉ. जे. पी. मोडक यांनी याच तत्त्वावर 1980 च्या दशकात विटा बनवणारे यंत्र तयार केले. माणूस सुमारे मिनिटभर पॅडल मारून चाकाला वेग देतो, मग क्लच जोडला की काही सेकंदांत काम होते. पुन्हा पॅडल मारावेच लागते.

म्हणजे फ्लायव्हील ही टाकी आहे, विहीर नाही. जेवढे भराल त्यापेक्षा थोडे कमीच निघेल. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते, पण ती भरावीही चौपट लागते.

त्या भावाला मी सांगितले, विकणाऱ्याला म्हण, लाईनची वायर काढ अन् तासभर पंप चालवून दाखव. चालला तर पैसे दे.

आणि एक, फिरत्या चाकाला जाळी लावा. लुगड्याचा पदर, दुपट्टा, लेकरं दूर ठेवा. मोटर बंद केली तरी चाकातली ताकद लगेच जात नाही.