आलो आणि आले

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातून परतल्यावर भाजीची जड पिशवी उंबऱ्याच्या आत टेकवून, पदराने मानेवरचा घाम टिपीत आमची आई म्हणते, “आलो बघ. रिक्षा काय मिळाली न्हाई, चालतच आलो.” या वाक्यात काही विशेष आहे, असे आम्हां भावंडांना कधी वाटले नाही, कारण शेजारच्या काकू, माहेरपणाला आलेली आत्या, दारावर दही घेऊन येणारी मावशी, सगळ्याच जणी ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असेच बोलत. माझी मुलगी शिक्षणासाठी पुण्यास गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने फोनवर आवाज खाली आणून विचारले, “बाबा, मी काय चुकीचं बोलतो काय?” तिच्या ‘जेवलो’ला खोलीतल्या मुली हसल्या होत्या आणि तू मुलांतच वाढलीस का, असे एकीने विचारले होते.

स्त्रीने ‘मी आले’ म्हणावे आणि पुरुषाने ‘मी आलो’, हा प्रमाण मराठीचा दंडक खरा. परंतु त्याचा अंमल वाटतो तितका सार्वत्रिक नाही. ‘मी जाईन’ यावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही आणि ‘मी भाकरी केली’ म्हणताना क्रियापद भाकरीच्या लिंगाशी इमान राखते, करणारीच्या लिंगाची ते दखलही घेत नाही. आमच्या जिल्ह्याला लागूनच कानडी मुलूख आहे. तेथे ‘नानु बंदे’ हे स्त्री आणि पुरुष दोघेही म्हणतात. भेद उमटतो तो दुसऱ्याविषयी बोलताना, ‘बंदनु’ म्हणजे तो आला आणि ‘बंदळु’ म्हणजे ती आली. आईच्या बोलीची घडण हुबेहूब अशीच आहे, कारण स्वतःविषयी ‘आलो’ म्हणणारी ती शेजारणीविषयी मात्र ‘आली’च म्हणते. शतकानुशतकांच्या शेजाराचा हा वारसा असावा, असा माझा तर्क आहे. आणि तो बरोबर असेल तर पुण्याच्या कानाला जे पुरुषी वाटते, ते आईच्या तोंडी पुरुषीही नाही व बायकीही नाही, ते केवळ ‘मी’चे रूप आहे.

आता भाषा विचाराला घडविते काय, हा जुना प्रश्न. शब्दाचा अनुवेध नसलेले ज्ञान संभवत नाही, असे भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त मांडले, आणि गेल्या शतकात अमेरिकेत आगीच्या विम्याच्या कंपनीत तपासनीस असलेल्या बेंजामिन ली व्होर्फ (1897–1941) यांनी, व्याकरणाचे साचे आपल्या जगाकडे पाहण्याला वळण लावतात, असा सिद्धांत मांडला. तो जसाच्या तसा मान्य करण्यास माझी आईच आड येते. ‘आलो’ म्हणणाऱ्या कोल्हापूरच्या बायका त्या शब्दामुळेच निर्भय असतात, असे कौतुकाने सांगणारे मला भेटले आहेत. परंतु जन्मभर ‘मी जेवलो’ म्हणणारी आई सर्वांच्या मागूनच जेवली आणि वडिलांना तिने ‘अहो’ सोडून दुसरी हाक कधी मारली नाही. क्रियापदाने तिला बरोबरीचा पाट दिला नाही.

तथापि भाषा कोठे लक्ष द्यावयास लावते, हे नाकारता येणार नाही. ‘आपण जेवू या’ आणि ‘आम्ही जेवतो’ यांतील अंतर दारात उभ्या पाहुण्याला तत्क्षणी कळते. आजच्या कानडीला मात्र दोन्हीकडे एकच ‘नावु’ पुरतो. कोणाला आपल्यात धरले आणि कोणाला वगळले, याचा निवाडा मराठी माणसाला वाक्यावाक्याला करावाच लागतो. तसेच दिशांचे. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषेत डावे-उजवे न म्हणता जवळच्या वस्तूचेही स्थान पूर्व-पश्चिमेने सांगतात, याचे नवल पुस्तकांतून वाचताना मला करवीर तालुक्यातील आमचे रान आठवते, जेथे बांधावरचा वाटेकरी ‘उगवतीच्या अंगाचं पाणी मोड’ असेच सांगतो आणि खरेदीखतातील चतुःसीमाही दिशांनीच लिहिली जाते.

पण माझ्या मते भाषेची खरी हुकमत बोलणाऱ्याच्या बुद्धीपेक्षा ऐकणाऱ्याच्या कानावर अधिक चालते. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात वॉलेस लॅम्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच माणसांकडून एकच उतारा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला व आवाज एकाच व्यक्तीचे आहेत हे न सांगता लोकांना ऐकविला. इंग्रजी वाचणारा अधिक बुद्धिमान, इतकेच काय, अधिक उंचही ठरला. आणि असा कौल देणाऱ्यांत स्वतः फ्रेंच भाषकही होते. हे शेवटचे मला फार लागते. कारण मुलीच्या त्या प्रश्नावर मी तिला दिलेले पहिले उत्तर होते, “तिथं ‘आले’ म्हणत जा.” कागलच्या मातीतल्या आनंद यादवांनी 1971 साली ‘गोतावळा’ ही अख्खी कादंबरी याच मुलखाच्या बोलीत उभी केली, हे ठाऊक असूनही मी तिच्या बोलीच्या विरुद्ध फैसला दिला होता, आणि तोही कोणतीच जबानी न घेता.

परवा दिवाळीच्या सुट्टीसाठी ती आली. रिक्षातून उतरताना कोणा मैत्रिणीला फोनवर ‘हो गं, पोचले’ म्हणाली, फोन पर्समध्ये टाकला, बॅग उंबऱ्याच्या आत टेकवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, “आजी, आलो!”