रनिंग फुटातलं धावणं

स्वयंपाकघराच्या ओट्याला ग्रॅनाइट बसवायचा असेल, तर कारागीर दोन दर सांगतो. दगडाचा दर चौरस फुटाला आणि कडेच्या मोल्डिंगचा ‘रनिंग फुटाला’. रनिंग फूट म्हणजे नुसती लांबी. रुंदी धरायची नाही. सुतार, ग्रिलवाले, पडदे शिवणारे सगळे हा शब्द सहज वापरतात आणि गिऱ्हाइकालाही तो बरोबर कळतो. या फुटात धावतं कोण, हे कुणी विचारत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, त्यामुळे मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

‘रन’ या शब्दाशी माझी ओळख पुस्तकातून झालेली नाही. वडील रेल्वेत गार्ड होते, आम्ही भुसावळच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ड्रायव्हर आणि गार्ड म्हणजे ‘रनिंग स्टाफ’. गाडीबरोबर जितके किलोमीटर जातील, त्या हिशेबाने मिळणारा तो ‘रनिंग अलाउन्स’. आणि बाहेरगावी ड्यूटी संपली की मुक्काम ‘रनिंग रूम’मध्ये. तिथे तर माणसं भरदुपारी पडदे ओढून झोपलेली असत, कारण रात्री पुन्हा मालगाडी घेऊन निघायचं असे. झोपण्याच्या खोलीचं नाव रनिंग! पण आमच्या कॉलनीत पोरासोरांनाही त्यात काही चमत्कारिक वाटत नसे. धावत्या गाडीवरच्या माणसांची खोली ती रनिंग रूम, एवढं पुरे होतं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने या शताब्दीत ‘रन’ची नोंद नव्याने तयार केली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या कोशकाराचे नऊ महिने या एका शब्दात गेले. त्याआधी, 1989च्या वीस खंडांच्या आवृत्तीत, सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. ‘रन’ पुढे का गेला, याचं माझ्या मते मोठं कारण यंत्रं. गिरणी, आगगाडी, मोटार आणि शेवटी संगणकावरचा प्रोग्रॅम, जे जे नवं सुरू राहू लागलं त्याला इंग्रजीने हेच क्रियापद लावलं.

पण 645 हा आकडा विद्यार्थ्यांना सांगितला की ते घाबरतात, म्हणून मी आधी तो कसा मोजला जातो ते सांगते. या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी 1879मध्ये काम हाती घेतलं, तेव्हा अंगणात पत्र्याची एक शेड उभारली आणि तिच्या भिंतींना शेकडो कप्पे केले. देशोदेशीचे वाचक पुस्तकं वाचत आणि अर्ध्या पानाएवढ्या चिठ्ठीवर डाव्या कोपऱ्यात शब्द, मग साल, लेखक, पुस्तक आणि खाली पूर्ण वाक्य उतरवून पाठवत. वाक्याशिवाय चिठ्ठीला किंमत नव्हती. एका शब्दाच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या वापराच्या एकत्र लावायच्या; जितके गठ्ठे पडतील तितके अर्थ. 1928मध्ये पहिली आवृत्ती पूर्ण झाली, तोवर मरे जाऊन तेरा वर्षं झाली होती. इतक्या माणसांनी इतका जीव ओतला तो व्याख्या सुचाव्यात म्हणून नाही, तर शब्द कुणाच्या संगतीत दिसतो ते टिपून ठेवावं म्हणून.

‘रन’च्या चिठ्ठ्या तशा लावल्या तर गोंधळ पुष्कळ कमी होतो. पायांनी धावणं हा एक गठ्ठा. दुसरा वाहण्याचा, आणि तोही तितकाच जुना. जर्मनमध्ये ‘रेनन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनन’ म्हणजे वाहणं, ही दोन्ही याच शब्दाची भावंडं. म्हणून इंग्रजीत नदी, नळ, सर्दी झालेलं नाक आणि धुतल्यावर सुटणारा कापडाचा रंग यांना एकच क्रियापद. तिसरा गठ्ठा पसरत जाण्याचा: रस्त्याच्या कडेने गेलेली भिंत, डोंगराची रांग. आपला रनिंग फूट इथला. चौथा गठ्ठा सुरू असण्याचा आणि सुरू ठेवण्याचा, आणि इथे मराठी फार जवळ येते. दुकान चालतं, घड्याळ चालतं, खटला चालतो, नाटक वर्षभर चालतं, एखादा आजार घराण्यात चालत येतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसतो. मुलांना हे दाखवलं की पाठांतराचं अर्धं ओझं उतरतं.

काही चिठ्ठ्यांना मात्र त्यांची गोष्टच सांगावी लागते. बँकेवरचा ‘रन’ म्हणजे पैसे बुडतील या भीतीने ठेवीदारांची एकाच वेळी उडालेली झुंबड. सप्टेंबर 2007मध्ये इंग्लंडात नॉर्दर्न रॉक बँकेसमोर अशाच रांगा लागल्या होत्या. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’. आपलाही उमेदवार उभाच राहतो.

बाजारात ‘रन’चे पन्नास अर्थ एका पानावर छापलेली मार्गदर्शकं मिळतात. मला ती मुलांच्या हातात नको वाटतात. ‘रन इंटू’ म्हणजे अचानक भेट होणं, ‘रन ओव्हर’ म्हणजे चिरडणं, अशी जोडी पाठ केलेला मुलगा परीक्षेत गुण मिळवतो आणि बोलायची वेळ आली की गप्प बसतो. त्यापेक्षा मी त्यांना चिठ्ठ्या करायला लावते. मासिक, क्रिकेटचं समालोचन, औषधाच्या खोक्यातला कागद, जिथे शब्द दिसेल तिथून पूर्ण वाक्य उतरवायचं, अर्थ लिहायचा नाही. महिन्याने बाकांवर गठ्ठे लावायचे आणि वाद घालायचा. यंदा एका मुलीने आईच्या शिवणाच्या पुस्तकातून ‘रनिंग स्टिच’ आणली. कुठल्या गठ्ठ्यात ठेवायची यावर तास संपेपर्यंत एकमत झालं नाही. पसरण्याच्या म्हणावं तर सुई वरखाली धावतेच आहे. आईकडून तिने मराठी नावही विचारून आणलं होतं: धावदोरा. मी ती चिठ्ठी वेगळी ठेवायला सांगितली आहे. पुढच्या तासाला वाद तिथूनच पुढे चालेल.