कागदावरच्या खाटा

तारण माल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कर्ज मंजूर करायचे नाही, हा बँकेतला आमचा नियम. गोदामात पोती असत. पोत्यात धान्य की भुसा, हे हात घालूनच कळे! नर्सिंग कॉलेजची तपासणी याहून वेगळी नसावी. संस्थेचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय हवे, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. इंजेक्शन देणे काही फळ्यावर शिकता येत नाही.

मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने अशी कॉलेजे तपासली. १६९ योग्य ठरली. मग मे २०२४ मध्ये, अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली ती आपल्याच तपास अधिकाऱ्यांना! न्यायालयाने त्या १६९ कॉलेजांच्या फेरतपासणीचा हुकूम दिला. या खेपेस न्यायिक अधिकारी समक्ष आणि चित्रीकरणही. या सगळ्या घोळात मुलींच्या परीक्षा मात्र वर्षानुवर्षे रखडल्या.

कॉलेज बंद पडले म्हणून शैक्षणिक कर्ज बुडीत धरले जात नाही. व्याज चढतच राहते, आणि सहकर्जदार म्हणून सही असते बापाची.

म्हणून पालकांनो, प्रवेशाचे पैसे भरण्याआधी कुणाला न कळवता, कामाच्या दिवशी त्या रुग्णालयात जा. खाटांवर रुग्ण आहेत का, ते पाहा. त्यांच्या नातेवाइकांशी बोला. आणि मुलीच्या मूळ गुणपत्रिका ‘ठेवून जा’ म्हणाले, तर त्या पिशवीत घालून घरी परत आणा.