एका कागदाची वाचनचाचणी

मूल कितवीत आहे यावरून ते वाचतं का, हे कळत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५मध्ये सुरू झालेल्या ‘असर’ पाहणीतल्या चाचणीला एक कागद पुरतो. मुलाला शेजारी बसवून आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद द्यायचा. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडखळलं तर शब्द, मग अक्षरं. पाचपैकी चार अक्षरं ओळखली की ‘अक्षर’ पातळी.

ही नोंद म्हणजे गुण नव्हेत. चौथीतलं मूल शब्दांवर थांबलं असेल, तर शिकवणं तिथूनच. आणि घरी नुसतं ‘कच्चा आहे’ सांगू नये, फार लागतं ते. ‘शब्द वाचतो, वाक्यात अडतो’ म्हटलं, की आई भाजी निवडता निवडता दोन ओळी वाचून घेते.