डार्विनच्या देवाचे काय झाले?

चार्ल्स डार्विनला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी त्याच्या श्रद्धेची उठाठेव थांबलेली नाही. त्याला आपल्या बाजूला ओढण्याची घाई आस्तिकांना आहे तशीच नास्तिकांनाही आहे, म्हणून अफवाही दोन्हीकडून येतात. त्यांतल्या काही एकेक करून तपासू.

मरताना डार्विन उत्क्रांतिवाद सोडून पुन्हा ख्रिस्ताला शरण गेला.

ही कथा छापून आली १९१५ साली, बोस्टनच्या ‘वॉचमन-एक्झामिनर’ या बाप्टिस्ट साप्ताहिकात. तोवर डार्विनला जाऊन ३३ वर्षे झाली होती. सांगणारी होती लेडी होप नावाची इंग्रज धर्मप्रचारिका. तिच्या म्हणण्याप्रमाणे शरद ऋतूतल्या एका दुपारी डार्विन जांभळा झगा घालून अंथरुणात बायबल वाचत होता आणि तरुणपणी मांडलेल्या कल्पनांची त्याला खंत वाटत होती. कथा नीट वाचली तर तिच्यात मृत्युशय्या नाहीच. डार्विन वारला १९ एप्रिल १८८२ रोजी, म्हणजे वसंतात. ‘मरताना’ हा भाग पुढच्या सांगणाऱ्यांनी जोडला. शेवटचे कित्येक महिने तो अंथरुणाला खिळल्यासारखाच होता, असेही ही बाई सांगते. प्रत्यक्षात ऑक्टोबर १८८१ मध्ये त्याचे गांडुळांवरचे पुस्तक बाहेर पडले आणि त्याच महिन्यात तो केंब्रिजला जाऊन आला. मुलगी हेन्रिएटा शेवटच्या क्षणी वडिलांजवळ होती. लेडी होप त्या आजारपणात काय, कुठल्याच आजारपणात तिथे नव्हती आणि वडिलांनी आपले एकही शास्त्रीय मत मागे घेतले नाही, असे तिने १९२२ साली जाहीरपणे लिहिले. याहून बोलका पुरावा पत्नी एमाच्या मौनाचा आहे. एमा मनापासून श्रद्धाळू होती. मरणानंतर आपली दोघांची ताटातूट होईल, ही भीती तिने लग्नानंतर लवकरच नवऱ्याला लिहून कळवली होती. तो पालटला असता तर ते सर्वांत आधी तिने सांगितले असते. ती १८९६ पर्यंत जगली, पण याबद्दल तिने अवाक्षर काढले नाही.

तरी ही गोष्ट खरी वाटते, कारण तिच्यातले बरेच सामान खरे आहे. लेडी होप खरी होती आणि दारूबंदीचे काम करीत होती. डाऊन गावातली वाचनाची खोली डार्विनने धर्मप्रचारकांच्या सभांना दिली होती, हेही खरे. गावातली दारू कमी होते याचे त्याला कौतुक होते. या कथेचा कसून तपास करणारे इतिहासकार जेम्स मूर यांच्या मते बाईंची आणि त्याची भेट झालीही असेल. पण भेट म्हणजे मतपरिवर्तन नव्हे. शिवाय हा साचा जुना आहे. व्होल्टेरबद्दल आणि टॉमस पेनबद्दल (ज्याचे ‘राइट्स ऑफ मॅन’ महात्मा फुले यांनी वाचले होते, तोच हा पेन) अशाच शेवटच्या घटकेच्या कहाण्या पसरल्या होत्या. त्या इतक्या झाल्या की त्या खोडून काढण्यासाठी जी. डब्ल्यू. फूट यांनी १८८६ साली एक अख्खे पुस्तक काढले.

उत्क्रांतीचा शोध लागला आणि त्याची श्रद्धा गेली.

ही समजूत पटते, कारण दोन्ही गोष्टी एकाच काळात सुरू झाल्या. ‘बीगल’ जहाजावरून १८३६ साली परतल्यावर पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याने प्रजातींवरच्या वह्या भरल्या आणि धर्माचाही खूप विचार केला. पण ख्रिस्ती धर्म सुटण्याची जी कारणे त्याने आत्मचरित्रात दिली, त्यांचा जीवशास्त्राशी फारसा संबंध नाही. जुन्या करारातला जगाचा इतिहास त्याला खोटा वाटू लागला आणि तिथला सूडबुद्धीचा देव पटेना. हिंदूंच्या ग्रंथांपेक्षा या ग्रंथावर अधिक भरवसा का ठेवावा, याचे उत्तर त्याला मिळेना. शुभवर्तमाने घटनांच्या वेळीच लिहिली गेल्याचा पुरावा नव्हता आणि तपशिलांत त्यांचा आपसात मेळ बसत नव्हता. श्रद्धा सोडायची त्याला मुळीच हौस नव्हती. पाँपेईसारख्या ठिकाणी जुनी हस्तलिखिते सापडतील आणि शुभवर्तमाने खरी ठरतील, अशी दिवास्वप्ने तो रंगवीत असे. शेवटी नरकाची शिकवण आड आली. त्याचे वडील, भाऊ आणि बहुतेक जिवलग मित्र श्रद्धाहीन होते. त्या सर्वांना अनंतकाळ शिक्षा देणारा सिद्धान्त खरा असावा असे कुणाला वाटेल तरी कसे, असा त्याचा प्रश्न होता. नैसर्गिक निवडीने धक्का दिला तो वेगळ्या गोष्टीला: सृष्टीची रचना पाहून रचनाकार सिद्ध करण्याच्या, विल्यम पेलीच्या युक्तिवादाला. तरीही ‘ओरिजिन’ हा ग्रंथ लिहिताना, १८५९ च्या सुमारास, आपण ईश्वरवादीच होतो असे तो म्हणतो.

लाडकी ॲनी गेली आणि त्या दुःखात त्याने देव सोडला.

दहा वर्षांची ॲनी २३ एप्रिल १८५१ रोजी माल्व्हर्नला वारली. त्या दुःखातून डार्विन कधीच पुरता सावरला नाही, आणि २००९ च्या ‘क्रिएशन’ चित्रपटाने याच धाग्यावर सगळी कथा बेतली. बापाचे दुःख सर्वांनाच कळते. ग्रंथांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न पडद्यावर कसा दाखवणार? पण काळाचा हिशेब जुळत नाही. त्याच्या शंकांची चर्चा एमाच्या लग्नाआधीच्या, १८३८ च्या पत्रात आहे. चाळिशीत आपण ख्रिस्ती धर्म सोडला, असे त्याने १८८१ साली घरी आलेल्या नास्तिक एडवर्ड ॲव्हेलिंगला सांगितले. म्हणजे साधारण १८४९. आत्मचरित्रातल्या कारणांत ॲनीचा मृत्यू नाही. त्या घावाने उरलीसुरली आशा संपली असेल, असे फार तर म्हणता येते.

डार्विन कट्टर नास्तिक होता.

नास्तिकांना हे म्हणणे सोयीचे असले तरी खुद्द डार्विनने ते नाकारले आहे. ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा आपण कधीच नव्हतो, अज्ञेयवादी म्हणणे अधिक बरोबर, असे त्याने १८७९ साली जॉन फोर्डाइसला लिहिले. नास्तिक ॲव्हेलिंग घरी आला तेव्हा, एवढे आक्रमक कशाला व्हायचे, असा उलट प्रश्न त्याने केला. मात्र अज्ञेयवाद म्हणजे कुंपणावर बसणे नव्हे. बायबल हा ईश्वरी साक्षात्कार नाही आणि येशू देवाचा पुत्र नाही, असे त्याने १८८० साली एका पत्रात एकाच वाक्यात कळवून टाकले.

चर्चने त्याला वाळीत टाकले.

बिशप विल्बरफोर्स त्याच्यावर तुटून पडला, हे खरे. पण चार्ल्स किंग्जली या पाद्र्याने त्याला पाठिंब्याचे पत्र लिहिले, गावचा धर्मगुरू इन्स त्याचा जुना मित्र होता, आणि त्याला पुरले ते वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये.

धर्माबद्दल त्याने काही लिहूनच ठेवले नाही, त्यामुळे सगळे अंदाजच.

हयातीत तो या विषयावर जाहीरपणे फारसा बोलला नाही, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. पण १८७६ मध्ये कुटुंबीयांसाठी लिहिलेल्या आत्मचरित्रात धर्मावर एक स्वतंत्र भाग आहे. मुलगा फ्रान्सिसने १८८७ साली ते छापले तेव्हा त्यातली सर्वांत धारदार वाक्ये एमाच्या इच्छेने गाळली गेली. लेडी होपची कथा ज्यांनी पहिल्यांदा वाचली, त्यांच्या हाती ही कापलेली आवृत्तीच होती. नात नोरा बार्लो हिने १९५८ साली संपूर्ण मजकूर प्रसिद्ध केला, आणि आज तो कुणालाही वाचता येतो.