पाताळातील पाण्याची साक्ष

विहिरीत पोहरा सोडावा, पाणी वर ओढावे, बाटली भरावी आणि प्रयोगशाळेकडे धाडून द्यावी. पाण्याची परीक्षा म्हणजे एवढेच, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. घरच्या विहिरीत क्षार किती आहेत हे पाहावयाचे असेल तर ही रीत कदाचित चालूनही जाईल. परंतु जेथे वर्षानुवर्षे विषारी रसायने जमिनीत मुरली आहेत, तेथे नमुना घेताना झालेली लहानशी हयगय शेकडो कुटुंबांच्या पिण्याच्या पाण्याविषयीचा निर्णय उलटा करू शकते.

भोपाळचेच उदाहरण घ्या. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री सुटलेल्या वायूची कहाणी सर्वश्रुत आहे. दुसरी कहाणी तितकीशी परिचित नाही. १९६९ साली हा कारखाना सुरू झाल्यापासून तेथील टाकाऊ रसायने आवारातच टाकली जात, आणि १९७७ च्या सुमारास उत्तरेकडे बांधलेल्या बाष्पीभवनाच्या तळ्यांत सांडपाणी सोडले जाई. वायू वाऱ्याबरोबर निघून गेला. हा मळ मात्र दर पावसाळ्यात थोडाथोडा खाली उतरत राहिला. भोवतालच्या अटल अय्यूब नगर, अन्नू नगर यांसारख्या वस्त्यांतील बायाबापड्या हातपंपाखाली हंडे लावीत होत्या ते याच जमिनीतील पाण्यासाठी. १९९९ साली ग्रीनपीस या संघटनेने तेथील भूजलात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड व क्लोरीनयुक्त बेंझिने आढळल्याचे प्रसिद्ध केले. या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश २००४ साली सर्वोच्च न्यायालयास द्यावा लागला.

तथापि वाद मिटला नाही. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राला २००९ साली कारखान्यापासून ३ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यात दूषित द्रव्ये सापडली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या २०१० च्या अहवालात मात्र कारखान्यालगतच्या मोजक्याच विहिरी दूषित ठरल्या. भूमी एकच, निष्कर्ष निराळे. अशा वेळी पाणी कोणत्या विहिरीतून, किती खोलीवरून, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या रीतीने घेतले, हे प्रश्न निकालाइतकेच मोलाचे होऊन बसतात.

ही रीत आहे तरी कशी? पहाटे नळाला आलेले पहिले पाणी गृहिणी जरा वाहू देते आणि मगच घागर लावते. नमुना घेणाराही तेच करतो, फक्त मोजूनमापून. निरीक्षणासाठी खणलेल्या कूपनलिकेत साचून राहिलेले पाणी भोवतालच्या भूजलाचे खरे रूप दाखवीत नाही. त्यातील उडून जाणारी द्रव्ये केव्हाच उडून गेलेली असतात. म्हणून प्रथम फीत सोडून पाण्याची पातळी मोजतात. नळीचा व्यास १० सेंटिमीटर आणि तीतील पाण्याची उंची १० मीटर असेल, तर आत सुमारे ७८ लिटर पाणी असते. जुन्या प्रघाताप्रमाणे याच्या निदान तिप्पट, म्हणजे जवळजवळ २३५ लिटर पाणी उपसावे लागते. हे उपसलेले पाणी शेजारच्या गटारात ओतून चालत नाही; तेही दूषित समजून पिंपात भरून ठेवावे लागते. अलीकडे अगदी संथ गतीने, मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक नाही अशा बेताने पाणी काढतात आणि त्याची आम्लता, विद्युतवाहकता व गढूळपणा स्थिर झाला की नमुना घेतात. धसमुसळेपणाने उपसा केला तर तळचा गाळ ढवळून निघतो आणि मातीला चिकटलेले धातू पाण्याच्या खात्यावर मांडले जातात.

खोलीचाही प्रश्न आहेच. कार्बन टेट्राक्लोराइड पाण्याहून दीडपटीपेक्षा जड असते. ते मोठ्या प्रमाणात मुरले असेल तर तेलासारखे वर तरंगत नाही, तळाकडे जाते. वरवरचे पाणी निर्मळ निघाले म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

बाटल्यांचे तर एक स्वतंत्र शास्त्रच आहे. उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या सर्वांत आधी भरतात आणि झाकण लावल्यावर उलट्या धरून पाहतात. आत मोहरीएवढा जरी बुडबुडा दिसला तरी नवी कुपी घेणेच बरे, कारण त्या हवेत विष पाण्यातून निसटते. धातूंसाठी प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडे नायट्रिक आम्ल घालतात, नाही तर धातू बाटलीच्या भिंतीला धरून बसतात. कीटकनाशकांसाठी तपकिरी काच. सर्व बाटल्या बर्फाच्या पेटीत, सुमारे ४ अंश तापमानात. प्रत्येक विहिरीपाशी हातमोजे नवे, आणि आरंभ नेहमी सर्वांत स्वच्छ वाटणाऱ्या विहिरीपासून. पंपाचे जनित्र वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावयाचे. त्याचा धूर कुपीत शिरला तर दोष बिचाऱ्या विहिरीच्या माथी यावयाचा.

मला सर्वांत मौजेची वाटते ती एक मुकी कुपी. प्रयोगशाळेतच शुद्ध पाण्याने भरलेली ही कुपी सर्व प्रवासभर नमुन्यांसोबत हिंडते आणि न उघडता परत येते. तिच्यात क्लोरोफॉर्म निघाले, तर ते विहिरीतले नव्हे, वाटेतले किंवा प्रयोगशाळेतले! शिवाय एका कागदावर पेटी कोणी, कोणत्या तारखेस व किती वाजता कोणाच्या हाती दिली, याची सहीनिशी नोंद असते. प्रकरण न्यायालयात गेले तर या कागदावाचून पाण्याची साक्ष लंगडी पडते.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन कचरा १२ बंद वाहनांतून पिथमपूरकडे रवाना झाला आणि जूनअखेर तो जाळून संपविण्यात आला. हा कचरा वखारीत साठवून ठेवलेला होता. २०१० च्या अहवालात दूषित मातीचा जो अंदाज दिला आहे, तो सुमारे ११ लाख टनांचा. ती माती या वाहनांत नव्हती. तिच्याखालच्या पाण्याची पातळी पावसाळ्यापूर्वी एक आणि पावसाळ्यानंतर दुसरी असते. त्यामुळे तेथील नमुने वर्षातून निदान दोनदा, आणि त्याच त्या विहिरींतून, घ्यावे लागतात.